ही झाडं मेली का? : फाल्गुनातलं कर्नाळा

मंडळी, मागच्या वेळी आपण पावसाळ्यातल्या जंगलाबद्दल बोललो होतो. आज त्याच्या अगदी उलट दिवस. फाल्गुन लागता लागता आम्ही दहाबारा जण कर्नाळ्याला गेलो होतो. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो. १९६८ साली हे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. महामार्ग मात्र आजही त्याच्या अंगावरूनच जातो, ट्रकचे हॉर्न बऱ्याच वरपर्यंत ऐकू येतात.

किल्ल्याच्या वाटेवर साग, ऐन, सावर, सगळे खराट्यासारखे उभे. बरोबरच्या एका मुलीने विचारलं, "काका, ही झाडं मेली का?" आज तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय.

कोकणात पाऊस धो धो पडतो, पण चारच महिने. उरलेले आठ महिने झाडाने काढायचे कसे? पानाला बारीक रंध्रं असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की पाणी बाहेर जातं. म्हणजे पान कमावतं तसं उधळतंही. जमिनीतली ओल आटली की हा व्यवहार तोट्यात जातो. मग झाड पानातलं नत्र, स्फुरद शक्य तेवढं परत ओढून घेतं, देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. वारा नुसता निमित्ताला. पान गळत नाही, झाड ते टाकतं, असं म्हटलं तरी चालेल.

आता गंमत बघा. पानं नसलेल्या याच सावरीवर वाटीएवढी लाल, मांसल फुलं होती. आड यायला पान नाही, त्यामुळे ती लांबूनच दिसतात. आत मध भरपूर. मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, सगळ्यांची तिथे पंगत, आणि जाताना डोक्याला पराग. मध्य आशियाकडून आपल्याकडे हिवाळ्याला येणाऱ्या भोरड्याही परतायच्या आधी अशाच झाडांवर तुटून पडतात. त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. फुलं आत्ता आली की बी उन्हाळ्यात तयार होतं, आणि पाऊस पडेपर्यंत जमिनीवर पोचलेलं असतं.

कोशिंबाने तर आणखी घाई केलेली. अजून ऊन तापायचंय आणि याला लालचुटूक पालवी! पानं टाकल्यामुळे खोडात पाणी साठतं, मुळं खोल गेलेली असतात, त्या जोरावर हे जमतं. पावसात कीड वाढते, तोवर ही पानं निबर झालेली असतात.

तर झाडं मेलेली नव्हती. पण टाकलेली पानं पायाखाली घोटाभर साचली होती, आणि आमची खरी काळजी तिथे आहे. आमच्यातल्याच एका गृहस्थाने टेकल्यावर सिगारेट पेटवली. आम्ही ती विझवायला लावली, ते जरा रागावलेही. सह्याद्रीत या दिवसांत वीज क्वचितच पडते. वणवा लागतो तो बहुतेक माणसाच्या हातून. कधी काडी, कधी 'जाळलं की गवत चांगलं येतं' ही समजूत. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे पट्टाभर पाचोळा हटवून आगीची वाट तोडतं, पण ठिणगी आतच पडली तर तिचा काय उपयोग? थोराड सावर जाड सालीमुळे एखाद्या वेळी वाचेल. तिच्याखालचं वीतभर रोप वाचत नाही.

उतरताना त्याच मुलीने पाऊल उचललं आणि तिच्या बुटापुढून पाचोळ्याचा एक तुकडाच उडाला. रातवा होता. हा पक्षी घरटं बांधत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी पाचोळ्यातच जमिनीवर दोन अंडी घालते. आम्ही वाकून बघितलं, अंडी नव्हती. अजून थोडे दिवस होते. ती मुलगी मग फाटकापर्यंत खाली बघतच चालली.