खारं पाणी उकळलं तरी गोड का होत नाही?



पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात सून म्हणून आलेली बाई दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात शिकते. इथं तुरीचं वरण लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या बायांना हे सांगायला नको. पाणी गाळून झालं, तुरटी फिरवून झाली, उकळून झालं, चव तीच. असं का होतं ते आज समजून घेऊ. ते कळलं की सरपण आणि पैसा कोणत्या उपायावर घालायचा, तेही कळेल.

सुरुवात चुलीपासून करू. तव्यावर एका बाजूला चिमूटभर साखर ठेवा, दुसऱ्या बाजूला चिमूटभर मीठ. साखर वितळेल, तांबूस होईल, करपेल. मीठ थोडं तडतडेल, पण पांढरंच राहील. मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस उष्णता लागते, तेवढी आपल्या तव्याला येत नाही. दिसायला दोन्ही पांढरे दाणे, मग फरक कशाचा? आतल्या बांधणीचा.

मिठात सोडियम आणि क्लोराइड असे दोन प्रकारचे कण असतात. एकावर अधिक विजेचा भार, दुसऱ्यावर उणे. अधिक आणि उणे एकमेकांना जोरात ओढतात. प्रत्येक सोडियमला सहा बाजूंनी क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडला सहा बाजूंनी सोडियम धरून असतो. सगळी भिंतच एकमेकींत गुंतलेली, म्हणून ती नुसत्या उष्णतेनं सहज सुटत नाही. साखरेचा रेणू आतून घट्ट असतो, पण शेजारच्या रेणूशी त्याची पकड सैल. म्हणून ती लवकर वितळते.

मग एवढी घट्ट भिंत पाण्यात कशी विरघळते? पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित अधिक असतं, दुसरं किंचित उणे. असे कितीतरी रेणू मिठाच्या एकेका कणाला वेढतात आणि भिंतीतून ओढून काढतात. एकटीला न उचलणारं ओझं दहा जणींनी उचलावं, तसंच हे. सुटलेला कण पाण्याच्या घोळक्यात फिरत राहतो. तो इतका बारीक असतो की फडक्याच्या विणीत अडकत नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, पण या कणांना बसवत नाही. उकळताना वाफ होऊन उडतं ते पाणी; मीठ भांड्यातच राहतं. म्हणजे जितकं आटवाल तितकं पाणी जास्त खारं. आपल्याच जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर पाहा. पाणी आत येतं, पण बाहेर वाहून जायला वाट नाही. उन्हानं पाणी उडतं आणि क्षार मागे साठतात.

आता वरणाकडे येऊ. आपल्या पाण्यात मिठाबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असतं. सोडियमवर एक भार असतो, कॅल्शियमवर दोन. म्हणजे त्याला दोन हात आहेत असं समजा. डाळीच्या दाण्याला धरून ठेवणारे पेक्टिन नावाचे धागे असतात. कॅल्शियम एका हातानं एक धागा धरतो, दुसऱ्यानं दुसरा, आणि टाका घालतो. दाणा मऊ पडत नाही. साबणाचंही तेच. कॅल्शियम साबणाचे दोन कण धरतो आणि त्यांचा चिकट साका करून टाकतो. तोच साका बादलीच्या कडेला आणि कपड्यांवर बसतो.

कॅल्शियमचा एक प्रकार मात्र उकळल्यावर खाली बसतो. पातेल्याच्या तळाशी दिसणारा पांढरा थर तोच. त्यामुळे उकळल्यावर पाण्याचा जडपणा थोडा कमी होऊ शकतो, पण खारटपणा जात नाही. डाळीत खायचा सोडा घातला तर ती शिजते, पण जास्त सोड्यानं डाळीतलं ब जीवनसत्त्व कमी होतं आणि पोटात सोडियमही जातं. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यापेक्षा डाळ भिजवायला आणि शिजवायला तेवढं गोडं पाणी राखून ठेवा.

तर मैत्रिणींनो, पाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. गाळ गाळणीनं आणि तुरटीनं जातो. जंतू उकळल्यानं किंवा क्लोरीननं मरतात. क्षार या दोन्हींनी जात नाहीत. क्षार काढायला आर.ओ.सारखं यंत्र लागतं. नाहीतर पाणीच दुसरं आणावं लागतं. पावसाचं पाणी हे सूर्यानं वाफ करून क्षारांपासून वेगळं केलेलं पाणीच आहे. पहिल्या पावसाचं पाणी वाहू द्या, छत धुऊन निघू द्या. मग झाकण असलेल्या टाकीत साठवा आणि प्यायचं ते उकळून घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक प्रयोग करा. दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत हापशीचं चार चमचे पाणी, दुसरीत नळाचं किंवा पावसाचं. उन्हात वाळू द्या. मागे राहिलेला पांढरा डाग कोणत्या ताटलीत जास्त, ते सगळ्यांना दिसेल.

पण डाग पाहून सगळं कळत नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट यांना प्यायच्या पाण्यात चव नसते, रंगही नसतो. म्हणून पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये एकूण विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड 1 मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट 45 च्या आत हवं. आपल्या भागात किडनीच्या आजाराचं दुःख कितीतरी घरांनी पाहिलंय. म्हणून तपासणीचा कागद ग्रामसभेत ठेवा आणि गोड्या पाण्याची मागणी लेखी करा. पाणी खारं आहे, एवढं म्हणून भागत नाही. किती खारं आणि कशानं खारं, हे आकड्यांत सांगितलं की उत्तर मागता येतं.