मराठीतील देशी शब्द

देशी किंवा देश्य शब्द म्हणजे ज्यांची व्युत्पत्ती संस्कृतातून अथवा अन्य ज्ञात भाषेतून समाधानकारकपणे लावता येत नाही असे शब्द होत. मराठी व्याकरणात तत्सम, तद्भव, देशी व परभाषी असे शब्दांचे वर्ग केले जातात. झाड, दगड, धोंडा, डोके, पोट, गुडघा, बोका, झोप ही देशी शब्दांची नेहमी दिली जाणारी उदाहरणे आहेत. हे शब्द दुर्मीळ नसून नित्याच्या बोलण्यातले आहेत.

इतिहास

तत्सम, तद्भव व देशी ही विभागणी दंडीच्या 'काव्यादर्शा'त आढळते. १२ व्या शतकात हेमचंद्राने 'देशीनाममाला' हा प्राकृत देशी शब्दांचा कोश रचला. व्याकरणाच्या नियमांनी सिद्ध न होणारे आणि संस्कृत कोशांत नसलेले शब्द त्याने त्यात संगृहीत केले. पिशेल व ब्यूलर यांनी हा ग्रंथ १८८० मध्ये मुंबईत प्रकाशित केला. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. टर्नर यांनी आपल्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात लिखित पुरावा नसलेली कल्पित मूळ रूपे तारांकित केली आहेत.

बदलते वर्गीकरण

'देशी' ही शब्दाची जात नसून आपल्या ज्ञानाची मर्यादा आहे. तूप हा शब्द संस्कृत 'घृत'पासून येत नाही. मात्र प्राकृतात 'तुप्प' आढळतो आणि कन्नडमध्ये तुपाला 'तुप्प'च म्हणतात. त्यामुळे त्याचे मूळ द्राविडी मानले जाते.

कुत्रा हा शब्द संस्कृत 'श्वन्'पासून सिद्ध होत नाही. इंग्लिशमध्येही असेच घडले आहे. तेथील 'हाउंड' हा जुना शब्द 'श्वन्'चा सगोत्र आहे. पण त्याची जागा घेणाऱ्या 'डॉग'चे मूळ अज्ञात आहे. दोन्ही भाषांत माहितीचा शब्द मागे पडला आणि अज्ञात मूळाचा शब्द घरोघरी रुजला.

झाडीपट्टीतील संदर्भ

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुका झाडीपट्टीत मोडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या या वनप्रदेशाचे आणि तेथील झाडीबोलीचे नावच 'झाड' या शब्दावर आधारलेले आहे. संस्कृत कोशांत झुडुपांच्या जाळीसाठी 'झाट' शब्द मिळतो.  तो लोकभाषेतून संस्कृतात गेला असण्याचा संभव आहे.

या भागात मराठीच्या शेजारी गोंडी व माडिया या द्राविडी भाषा बोलल्या जातात. शब्दांची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होत असल्याने केवळ साम्यावरून मूळ ठरवता येत नाही. ध्वनिबदलांचे नियमही तपासावे लागतात. उदाहरणार्थ, झाडीबोलीत 'ळ'च्या जागी 'र' येतो व 'डोळा'चा 'डोरा' होतो. हा नियम ठाऊक नसल्यास 'डोरा' हा वेगळाच शब्द भासेल.

अशा शब्दांचा ग्रांथिक पुरावा अल्प असल्याने बोलींतील रूपे हाच त्यांचा मुख्य पुरावा ठरतो. एखादे रूप नोंदीविना लुप्त झाले, तर त्या शब्दाच्या मुळापर्यंत जाणारी वाटही बंद होते.