घास गिळल्यावर पुढे काय होतं?

आजचा भाग जेवता जेवता ऐकत असाल तर उत्तमच, एक प्रयोग लगेच करता येईल.

पोळीचा किंवा भाकरीचा कोरडा तुकडा घ्या आणि मिनिटभर नुसता चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागेल. साखर तर घातली नाही, मग गोडवा कुठून आला? लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. ते पिठातला स्टार्च तोडून त्याची साखर करतं. म्हणजे पचन पोटात नाही, तोंडातच सुरू होतं. आणि दात काय ते इथेच, पुढे कुठेही नाहीत! म्हणून आजी सांगते ना, नीट चावून खा, ते खरंच आहे.

आता घास गिळला. त्या क्षणी श्वासनलिकेवर एक छोटं झाकण पडतं. खाताना हसलात, बोललात की ही वेळ चुकते आणि ठसका लागतो. कोणी आठवण काढली म्हणून नाही!

पुढे अन्ननलिका, साधारण २५ सेंटीमीटर लांब. घास तिच्यातून नुसता घरंगळत नाही. टूथपेस्टची ट्यूब मागून दाबत आणावी तसे तिचे स्नायू त्याला खाली ढकलतात. काही सेकंदांतच घास जठराच्या दाराशी येतो. तिथे स्नायूंचं एक कडं आहे. घास आला की उघडतं, आत गेला की मिटतं.

जठरात असतं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्रथिनं तोडणारं पेप्सिन. जठरातल्या पचनाच्या अभ्यासाची एक गोष्ट भारी आहे. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरचं भोक जठरापर्यंत उघडंच राहिलं. डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्यातून रेशमी दोऱ्याला बांधलेलं अन्न आत सोडलं आणि काही वेळाने बाहेर काढून पाहिलं. जठररस बाटलीत घेतला, तर त्यातही मांस विरघळलं!

मग हे आम्ल जठरालाच का खात नाही? कारण आतून श्लेष्माचा जाड थर असतो. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. आज मला सांगायचंय ते हेच.

जठर रिकामं व्हायला काही तास लागतात, तेलकट जेवणाला आणखी जास्त. रात्री भरपेट जेवून लगेच मोबाईल घेऊन आडवे झालात, की आम्ल त्या कड्यातून सहज वर येतं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, ते हेच. म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. रील्स बसूनही बघता येतात! जळजळ वारंवार होत असेल किंवा घास अडकत असेल, तर मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या भागात लहान आतडं. तोवर, सावकाश जेवा!