‘नावे’ आणि ‘जमा’ : सहकार व लेखा पदविकेच्या अभ्यासातील एक शब्दार्थविचार

महाराष्ट्र शासनाच्या सहकार खात्यातर्फे घेतली जाणारी सहकार व लेखा पदविकेची परीक्षा, म्हणजे सर्वसामान्य व्यवहारात ‘जी. डी. सी. अँड ए.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी परीक्षा, ही व्यवसायोपयोगी शिक्षणाची एक महत्त्वाची शाखा होय. हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराची तत्त्वे, सहकारी कायदा, पतसंस्था व गृहनिर्माण संस्था यांचे व्यवहार असे विषय तीत येतात. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांत ‘प्रमाणित लेखापरीक्षक’ या संज्ञेची व्याख्या करताना विद्यापीठाची पदवी, ही पदविका व लेखापरीक्षणाचा अनुभव यांच्या जोडीला मराठीचे व्यवहारोपयोगी ज्ञानही अपेक्षिलेले आहे. तेव्हा या अभ्यासक्रमातील मराठी शब्दांचे अर्थ हा भाषाभ्यासकाच्याही लक्षाचा विषय ठरतो.

हे शब्द नुसते भाषांतरित नाहीत. ‘जमा’, ‘खर्च’ व ‘बाकी’ हे मूळचे अरबी शब्द, ‘रोजकीर्द’ फारसी, ‘नावे’ हा संस्कृत ‘नामन्’ पासून आलेला, ‘पावती’ ‘पावणे’ या क्रियापदाशी आणि ‘घसारा’ ‘घासणे’ या क्रियापदाशी निगडित. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि राजव्यवहारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. तरी हिशेबाच्या वहीतून ‘जमा’ आणि ‘कीर्द’ हलले नाहीत. इंग्रजी पद्धतीचे द्विनोंदी पुस्तपालन मराठीत आले तेव्हा नव्या कल्पनांसाठी हेच रुळलेले शब्द योजले गेले. अडचणीचा उगम येथे आहे.

पतसंस्थेतील अनुभवी लेखनिक परंपरेने कीर्द लिहितो. तिच्या डाव्या अंगास जमा व उजव्या अंगास नावे अशी मांडणी असते. मागील दिवसाची शिल्लक प्रथम जमेस धरावयाची, दिवसभरात आलेली रक्कम जमेकडे व दिलेली रक्कम नावेकडे लिहावयाची. हाच लेखनिक पाठ्यपुस्तक उघडतो, तेव्हा रोख पुस्तकाची डावी बाजू ‘नावे’ असून आलेली रक्कम तेथे लिहावयाची असते. येणारी मालमत्ता नावे, जाणारी जमा, असा नियमही त्याच्यापुढे येतो. पैसा आला आणि तो ‘नावे’ पडला, हे त्याच्या भाषिक जाणिवेस मानवत नाही. मग तो नियम पाठ करतो. आणि प्रश्नाचे स्वरूप थोडे पालटले, की पाठांतर अपुरे पडते.

वस्तुतः दोन्ही पद्धतींत विरोध नाही. एका सभासदाने भागापोटी ५०० रुपये रोख भरले, असे समजू. कीर्दीत जमेच्या बाजूस ‘भागभांडवल खाते, रु. ५००’ अशी नोंद होते व तीवरून खतावणीत भागभांडवल खात्याच्या जमेच्याच बाजूस रक्कम जाते. पाठ्यपुस्तकी रोख पुस्तकात तीच नोंद नावे बाजूस पडते. पण तेथून खतावणी करताना बाजू पालटते व रक्कम पुन्हा भागभांडवल खात्याच्या जमेसच पोहोचते. शेवट एकच. भेद इतकाच, की कीर्दीचे पान इतर खात्यांविषयी बोलते, तर रोख पुस्तक हे स्वतःच रोख रकमेचे खाते असते. कीर्दीतील ‘जमा’ म्हणजे ‘भागभांडवलाच्या खाती जमा’. रोख पुस्तकातील ‘नावे’ म्हणजे ‘रोख खात्याच्या नावे’. दोन विधानांचे उद्देश्य वेगळे आहे आणि ते दोन्हीकडे अध्याहृत राहिले आहे.

भाषाशास्त्रदृष्ट्या ‘येणे’ व ‘जाणे’ यांच्याशी या शब्दांचे साम्य आहे. कोण कोठे उभा आहे हे ठाऊक असल्याखेरीज ‘तो आला’ या वाक्यातील दिशा कळत नाही. तसेच खाते कोणाचे हे ठाऊक असल्याखेरीज ‘जमा’ चा आशय निश्चित होत नाही. ‘येणे बाकी’ व ‘देणे बाकी’ या शब्दप्रयोगांत हा दृष्टिकोन मराठी भाषकाला सहज उमगतो, कारण एकाचे येणे ते दुसऱ्याचे देणे हे त्याला ठाऊक असते. बँकेच्या पासबुकाचेही तेच. संस्थेने बँकेत १,००० रुपये भरले, तर बँक ते संस्थेच्या खाती जमा दाखविते; संस्थेच्या खतावणीत मात्र तीच रक्कम बँक खात्याच्या नावे असते. बँक जुळवणी पत्रकाची सारी रचना या दृष्टिभेदावर उभी आहे.

व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास दोष कोठे शिरला हेही दिसते. ‘नावे’ हा शब्द मुळात षष्ठीची अपेक्षा धरतो : अमक्याच्या नावे. ‘जमा’ ही तशीच अपेक्षा धरते : अमक्याच्या खाती जमा. पाठ्यपुस्तकांत ‘नावे बाजू’, ‘नावे शेष’, ‘नावे करा’ असे आटोपशीर प्रयोग रूढ झाले आणि ही षष्ठी गळून गेली. शब्द उरला, संबंध लोपला. ‘कीर्द’ या शब्दाचीही अशीच गत आहे : पतसंस्थेत ती रोजच्या रोकडीची वही, तर पाठ्यपुस्तकात ‘रोजकीर्द’ म्हणजे सर्व व्यवहारांच्या मूळ नोंदीचे पुस्तक. हा अर्थभेद अध्यापनात स्पष्ट केला नाही, तर विद्यार्थी एका वहीचे नियम दुसरीला लावतो.

यावर नवे शब्द घडविणे हा उपाय नव्हे. गळालेली षष्ठी परत आणणे हा आहे. आरंभीच्या पाठांत प्रत्येक नोंद पूर्ण वाक्याने वाचून घ्यावी : ‘रोख खात्याच्या नावे, भागभांडवलाच्या खाती जमा.’ एकच व्यवहार प्रथम कीर्दीत, मग रोख पुस्तकात मांडून घ्यावा व दोन्हींवरून केलेली खतावणी ताडून पाहावी. असे केल्याने अनुभवी लेखनिकास आपले जुने ज्ञान टाकून द्यावे लागत नाही, नव्या विद्यार्थ्यासही नियमामागील कारण सापडते. आज नोंदी संगणकावर होतात आणि पान आपोआप छापून निघते. तथापि नोंद चुकीच्या खात्यावर पडली आहे हे ओळखण्याचे काम परीक्षकाकडेच राहते. त्या वेळी ‘कोणाच्या नावे?’ हा प्रश्न ज्याला सुचेल, त्यालाच लहान ठेवीदाराची रक्कम योग्य खाती आहे की नाही, हे सांगता येईल.