रक्ताचा जमाखर्च

संस्थेच्या वार्षिक अहवालात हिशेबपत्रकांच्या जोडीने एखाद्या आरोग्यविषयाची माहिती द्यावी, असा प्रघात आम्ही ठेवला आहे. या वर्षी रक्त हा विषय निवडला, त्यास कारण आहे. कार्यालयाच्या खिडकीवर येणाऱ्या चौकशांपैकी बराच मोठा भाग रक्ताविषयीचा असतो. रक्त दान केलेले असते, मग पैसे कशाचे? हिमोग्लोबिन कमी म्हणजे नेमके काय? आईवडील धडधाकट असताना मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त का चढवावे लागते? आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे डॉक्टर मंडळींकडून समजून घेतलेले येथे आमच्या भाषेत मांडीत आहोत.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. त्यात प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखम झाली असता रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, असतात. या सर्व पेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. जुनी पेशी मोडली की तिच्यातील लोह वाया जात नाही. तेच नव्या पेशीसाठी वापरले जाते. मज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते आणि ते जवळजवळ सर्व या जुन्या मालातून येते. अन्नातून रोज शोषले जाते ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम, आणि तितकेच बाहेर पडते. इतका काटकसरीचा कारभार आम्ही कोणत्याही संस्थेच्या खतावणीत पाहिलेला नाही.

हा मेळ बिघडला की रक्तक्षय होतो. आपल्या खेड्यापाड्यांत यास रक्तपांढरी म्हणतात आणि तो शब्द अचूक आहे: डोळ्यांची खालची पापणी, जीभ आणि नखे पांढुरकी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दर डेसिलिटर रक्तात पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ ग्रॅम, स्त्रीचे १२ ग्रॅम आणि गर्भवतीचे ११ ग्रॅम यांपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजावा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. महाराष्ट्रातील स्त्रियांचे प्रमाण ५४ टक्के होते. आधीच्या सर्वेक्षणात ते ४८ टक्के होते, म्हणजे परिस्थिती सुधारण्याऐवजी खालावली.

स्त्रियांचेच प्रमाण इतके का, हे त्याच जमाखर्चावरून ध्यानात येते. मासिक पाळीत लोह जाते. एका बाळंतपणाला एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह खर्ची पडते. आधीच शिल्लक नसेल तर ते आणावयाचे कोठून? नवव्या महिन्यात पाच-सहा हिमोग्लोबिन घेऊन भगिनी प्रसूतिकक्षात दाखल होतात, तेव्हा आमचे डॉक्टर अक्षरशः जीव मुठीत धरून काम करतात. निरोगी स्त्री प्रसूतीतील जो रक्तस्राव सहज सोसते, तोच अशा स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो. वास्तविक यावरील उपाय अत्यंत स्वस्त आहे. गरोदरपणी लोह व फॉलिक आम्लाची एक गोळी रोज, १८० दिवस. ती शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. मळमळते, शौच काळी होते, बाळ काळे होईल असे कोणी सांगते, म्हणून गोळ्या फडताळात पडून राहतात. शौच काळी होणे निरुपद्रवी आहे आणि बाळाच्या रंगाशी गोळीचा काहीही संबंध नाही. रुग्णाच्या सासूबाई वा जाऊबाई हे वाचीत असतील तर त्यांना आमची विशेष विनंती, की गोळीची आठवण त्यांनीच करावी.

आहाराविषयीही थोडे लिहिले पाहिजे. बीट लाल, म्हणून त्याने रक्त वाढते, ही समजूत दृढ आहे. परंतु लोहाचा रंगाशी संबंध नाही. हळीव, तीळ, बाजरी, कडधान्ये आणि मांसाहारी कुटुंबांत मांस व कलेजी हे खरे उपयोगाचे. भाजीवर लिंबू पिळल्यास वनस्पतींतील लोह अधिक शोषले जाते; जेवणालगत चहा घेतल्यास कमी. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढावी. मात्र हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर केवळ आहाराने ते भरून येत नाही, औषधच घ्यावे लागते. आणि पुरुषांत किंवा उतारवयात रक्तक्षय आढळल्यास मूळव्याध, जठरव्रण अथवा आतड्यातील गाठ यांतून रक्त जात नाही ना, याचा शोध घेणे अगत्याचे आहे.

आता अशा विकारांकडे वळू, जेथे लोहाच्या गोळीने काम होत नाही. आमच्याकडे विदर्भातील रुग्ण अधिक, म्हणून सिकलसेल प्रथम. हिमोग्लोबिनच्या रेणूतील बीटा साखळीत सहाव्या स्थानी एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आलेले असते. एवढ्याशा फरकाने प्राणवायू कमी झाला की तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडते. हाडे व सांधे यांत असह्य वेदना उठतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि पाणी कमी पिणे यांनी त्या वाढतात. हा दोष ज्यांच्यात आई वा वडील यांपैकी एकाकडूनच आला, ते वाहक होत. त्यांना बहुधा काही त्रास होत नाही. उलट हिवतापाच्या गंभीर प्रकारापासून त्यांना बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान् पिढ्या हिवताप होता तेथे हा दोष टिकून राहिला, त्याचे कारण हेच. यात कोणत्याही जमातीला कमीपणा येण्याजोगे काही नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण मुलीचे लग्न मोडेल या भीतीने तपासणीच टाळणारी कुटुंबे आम्हाला भेटतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला असून ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे लागते.

थॅलेसेमियात हिमोग्लोबिन पुरेसे तयारच होत नाही. मूल जन्मतः ठीक दिसते. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत फिकट पडू लागते, पोटात प्लीहा वाढते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आयुष्यभर. येथे हिशेबाची दुसरीच अडचण उभी राहते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. जमेची बाजू फुगत जाते, खर्चाची बाजू कोरीच. साठलेले लोह हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथी निकामी करते. ते बाहेर काढणारी औषधे रोज घ्यावी लागतात. रक्त चढविणे दिसते, म्हणून पालक त्यासाठी धावत येतात. औषध चुकणे मात्र दिसत नाही.

आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रोगी असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘पहिले आजारी झाले, आता पुढची तिघे चांगली’ असा अर्थ काही जण काढतात, तो चुकीचा आहे. दर खेपेस फासे नव्याने पडतात. वाहक ओळखण्याची रक्तचाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते. विवाहापूर्वी, निदान गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, ती करून घ्यावी. दोघेही वाहक निघाल्यास अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते. एकच जण वाहक असेल तर मूल या रोगाने आजारी होत नाही, म्हणून लग्न मोडण्याचे कारणच नाही.

हिमोफिलियात रक्त गोठविणारा एक घटक कमी असतो. तो मुख्यतः मुलग्यांना होतो व बहुधा आईकडून येतो. अशा मुलास स्नायूत इंजेक्शन देऊ नये, अ‍ॅस्पिरिन देऊ नये. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्सचा आकडा लाखाखाली आला की नातेवाईक पिशव्यांसाठी धाव घेतात. परंतु रक्तस्राव नसेल तर साधारणतः आकडा १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या द्याव्या लागत नाहीत. तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

पैशांचा प्रश्न उरला. रक्ताला किंमत नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयामुळे पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. आकारले जाते ते प्रक्रिया शुल्क: पिशवी, घटक वेगळे करणे, शीतसाठवण आणि एचआयव्ही, कावीळ ब व क, गुप्तरोग, हिवताप यांच्या चाचण्या. थॅलेसेमिया, सिकलसेल व हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनामूल्य द्यावे, अशा राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या सूचना आहेत. तथापि चाचणीचे किट कोणी विनामूल्य देत नाही. धर्मादाय रुग्णालय म्हणून एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम आम्ही निर्धन रुग्ण निधीत वर्ग करतो. त्यावर गरीब रुग्णांच्या इतर उपचारांचाही भार असतो, म्हणून रक्ताच्या खर्चातील तूट देणगीदारांच्या औदार्यातून भरून निघते. ‘रक्त साहाय्य’ असा उल्लेख करून दिलेली देणगी याच कामी लागते.

रक्तदात्यांना मात्र एक वेगळी विनंती आहे. तांबड्या पेशी योग्य द्रावणात ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघे ५ दिवस. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गणेशोत्सव आणि नेत्यांचे वाढदिवस या दिवशी शिबिरांची गर्दी होते व पिशव्या ठेवावयास जागा उरत नाही. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, तेव्हा आमच्या थॅलेसेमियाच्या मुलांचे पालक रिकाम्या फ्रीजसमोर उभे असतात. १८ ते ६५ वयाची, किमान ४५ किलो वजनाची व १२.५ हिमोग्लोबिन असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुषांनी ९० दिवसांनी, स्त्रियांनी १२० दिवसांनी. मंडळांनी शिबिराची तारीख छापण्यापूर्वी रक्तपेढीत एकदा विचारावे. एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि संपूर्ण मे महिना आमच्या वहीत कोरा आहे.