नेथन ॲपलटन : आयातदार व्यापारी ते संरक्षक जकातीचे पुरस्कर्ते

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या जकात धोरणामागे बोस्टनच्या व्यापारी वर्गाचे हितसंबंध कसे कार्यरत होते, हे नेथन ॲपलटन (१७७९-१८६१) यांच्या जीवनक्रमावरून स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

न्यू हॅम्पशायरमधील न्यू इप्सविच येथे जन्मलेल्या ॲपलटन यांनी डार्टमथ महाविद्यालयातील प्रवेशावर पाणी सोडून थोरले बंधू सॅम्युएल यांच्याबरोबर बोस्टनमध्ये व्यापार आरंभिला. विलायती माल आयात करून विकणे हा त्यांचा व्यवसाय. पुढे एडिंबरा येथे फ्रान्सिस कॅबट लोवेल यांनी त्यांच्यापुढे कापड गिरणीची कल्पना मांडली. १८१३ मध्ये वॉल्थम येथे कंपनी निघाली, तेव्हा ॲपलटन यांनी सावधपणे केवळ ५,००० डॉलर गुंतविले.

१८१६ चा जकात कायदा येथे विशेष लक्षात घ्यावा लागतो. सुती कापडावर २५ टक्के जकात बसविताना, कापड कितीही स्वस्त असले तरी त्याची किंमत चौरस यार्डास किमान २५ सेंट धरावी, असे ठरले. म्हणजे जकात ६.२५ सेंटांच्या खाली येणे अशक्य. ८ सेंटांच्या कापडावर ती ७८ टक्के होते! कायद्यात मात्र आकडा २५ च दिसतो. याचा फटका प्रामुख्याने भारतातून जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडास बसला. आपल्याकडे या कापडाच्या ऱ्हासाची चर्चा मँचेस्टरपाशीच थांबते, हे योग्य नव्हे.

मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात अनेकदा निवडून आलेल्या ॲपलटन यांनी १८३० मध्ये काँग्रेसची निवडणूक जिंकली. त्यांचे प्रतिस्पर्धी हेन्री ली हे कलकत्त्याच्या व्यापारातील जाणकार आणि खुल्या व्यापाराचे समर्थक होते. एका शहरातील दोन व्यापाऱ्यांची ही लढत वस्तुतः गोदी आणि गिरणी यांच्यातील होती. १८३२ च्या जकातविषयक चर्चेत ॲपलटन यांनी दक्षिणेच्या प्रतिनिधींविरुद्ध संरक्षणाची बाजू मांडली. १८४२ मध्ये ते अल्पकाळ पुन्हा सभागृहात होते.

तथापि या गिरण्यांचा कापूस दक्षिणेतील गुलामांच्या श्रमातून येत असे. १८४८ मध्ये चार्ल्स समनर यांनी मागाचे धनी आणि चाबकाचे धनी यांच्या युतीवर जाहीर प्रहार केला, तो ॲपलटन यांना झोंबला. विशेष म्हणजे समनर हे त्यांचे जावई, कवी लाँगफेलो यांचे निकटचे स्नेही होते.

१८५८ मध्ये ॲपलटन यांनी यंत्रमागाच्या आगमनाची हकिकत प्रसिद्ध केली. १८१६ ची किमान जकात लोवेल यांनी सुचविली आणि त्या वेळी दक्षिण कॅरोलिनाचे लाउंड्स व कॅल्हून यांच्याशी त्यांचा विश्वासाचा संपर्क होता, असे ते तीत नमूद करतात. हेच कॅल्हून १८३२ मध्ये संरक्षक जकातीचे कट्टर विरोधक झाले होते.