ज्याला भाव नाही, ते समुद्रात जातं

पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणानंतर माहीमच्या किनाऱ्यावर जाऊन बघा. वाळू शोधावी लागते. पिशव्या, वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, तुटक्या चपला, थर्माकोल. ‘लोक चौपाटीवर येतात आणि घाण करून जातात,’ असं आपण सहज म्हणतो. चौपाटीवर खाऊन तिथेच टाकणारे आहेतच. पण भर पावसात तिथे फिरायला येतं कोण? ढीग मात्र तेव्हाच मोठा असतो. हा माल येतो मिठी, पोयसर, दहिसर या नद्यांतून आणि गल्लीबोळांतल्या गटारांतून. ओहोटी तो आत ओढून नेते, भरती परत आणून टाकते. समुद्रापासून बरंच दूर राहणाऱ्या माणसाची पिशवीही त्यात असू शकते.

‘जगातल्या दहा मोठ्या नद्याच हे प्लॅस्टिक समुद्रात नेतात’ हे वाक्य 2017 पासून फार फिरलं. 2021 मधल्या अधिक बारकाईच्या अभ्यासाने ते खोडून काढलं. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी 80 टक्के हजाराहून अधिक नद्यांतून जातं, आणि त्यांत दाट वस्तीतून वाहणाऱ्या लहान नद्या पुढे आहेत. बदलापूर, कल्याणवरून वसईच्या खाडीला मिळणारी आपली उल्हास त्या यादीत बरीच वर आहे.

पॅसिफिक महासागरात प्लॅस्टिकचं बेट तरंगतं, असंही ऐकलं असेल. पाय ठेवता येईल असं बेट तिथे नाही. सुमारे 16 लाख चौरस किलोमीटर पाण्यात विखुरलेला कचरा आहे. 2018 च्या अभ्यासानुसार त्याचं वजन अंदाजे 79 हजार टन, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा. तुकडे मोजले तर बहुतेक सगळे पाच मिलिमीटरहून लहान. ते गोळा करणं म्हणूनच इतकं अवघड आहे.

‘प्लॅस्टिक रिसायकल होतंच की!’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. 2015 पर्यंत जगात जेवढा प्लॅस्टिक कचरा झाला, त्यातला फक्त 9 टक्के पुन्हा वापरात आला. पाण्याची बाटली रस्त्यावर फार वेळ राहत नाही, कारण भंगारवाला तिचे पैसे देतो. वेफर्सच्या पाकिटाचं तसं नाही. त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही. दिवसभर उन्हात वाकून काम करणारी कचरावेचक बाई ते उचलत नाही, यात तिचा काय दोष? ते मग गटारात जातं. ‘विघटनशील’ लिहिलेल्या पिशव्यांचाही फार भरवसा धरू नये: त्यातल्या बऱ्याच पिशव्या कुजायला औद्योगिक खतप्रकल्पातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. समुद्रात ती कुठून मिळणार?

मग जबाबदारी कोणाची? ‘सगळ्यांची’ हे उत्तर बरोबर आहे, पण सगळ्यांची सारखी नाही. भंगारात न विकलं जाणारं वेष्टन ज्याने बाजारात आणलं, त्याच्यावर ते गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी केंद्राने 2022 च्या नियमांनी टाकली आहे. ती नुसती कागदावर पुरी होते की खरोखर, हे नागरिकांनी विचारत राहिलं पाहिजे. ओला-सुका कचरा वेगळा करणं आपलं काम. तो वेगळाच उचलणं पालिकेचं. वर्सोव्यात अफरोज शाह यांनी 2015 पासून लोकांना जोडून किनारा साफ केला, 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण साफ केलेल्या वाळूवर पुढची भरती पुन्हा कचरा आणतेच, वरच्या नाल्यातून तो येणं बंद होईपर्यंत.

आणि जे आधीच समुद्रात गेलं, त्याचं काय? कोळीबांधवांच्या डोल जाळ्यात मासळीबरोबर प्लॅस्टिकही भरतं. निवडून झाल्यावर ते टाकायचं कुठे? बंदरावर घेणारं कोणी नसेल तर पुन्हा पाण्यातच. केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरावर 2017 पासून मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लॅस्टिक किनाऱ्यावर आणू लागले. तिथे ते धुऊन, वाळवून, बारीक करून रस्त्याच्या डांबरात घालायला दिलं जाऊ लागलं.